एक लांब, दोन आखूड

फॉर्मवरचा सतरावा प्रश्न:
नावानं हाक मारल्यावर मूल ओ देतं का?
नेहमी. कधीकधी. क्वचित. कधीच नाही.
पेनाची शाई थंडीनं आखडलेली,
कारण हे मी गाडीत बसून भरतेय,
कालव्याच्या कडेला, हीटर चालू ठेवून,
आणि मागच्या सीटवर सोरेन
बुटाचं वेलक्रो उघडतोय, लावतोय,
उघडतोय, लावतोय.

सोरेन.
सोरेन, बाळा.
वेलक्रो.

मग सरोवरावरून खनिजाचं जहाज येतं,
नाकावर बोटभर बर्फ साचलेलं,
आणि भोंगा देतं: एक लांब, दोन आखूड.
उचलता पूल ओ देतो: एक लांब, दोन आखूड.
आणि मागच्या सीटवरून, अगदी त्याच पट्टीत,
माझा साडेचार वर्षांचा मुलगा ओ देतो.

याला चौकट नाही.

दवाखान्यातली बाई म्हणाली होती, अकरा महिने.
मी म्हटलं, तोवर तो साडेपाचचा होईल.
ती म्हणाली, हो, होईल. आवाज वाईट नव्हता तिचा.
मग मी रोज आठ वाजून एक मिनिटानं फोन करू लागले,
कुणाची वेळ रद्द झाली का, म्हणून.
तिसऱ्या आठवड्यात मी नाव सांगायच्या आधीच ती:
आज नाही, मारित.
सहाव्या आठवड्यात: गुरुवारी एकजण येत नाहीये. चालेल?
चालेल म्हणे.

शेजारची ओपाल या सगळ्यातून आधी गेलेली.
तिनं फाटकाशीच सांगितलं: शाळेसाठी डॉक्टरची वाट बघू नकोस,
शाळेला वेगळं पत्र लिही. तारीख घाल. प्रत ठेव.
तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, आणि इथं वारा काही कमी नाही.

गुरुवारी डॉक्टर जमिनीवर मांडी घालून बसल्या.
बाहुलीचा वाढदिवस होता. केक लाकडी.
सोरेननं मेणबत्त्या काढल्या
आणि उंचीप्रमाणे गालिच्यावर निजवल्या.
बाहुलीकडे बघितलंसुद्धा नाही.
डॉक्टरांनी लिहिलं. मग मला विचारलं,
घरात आणखी कुणी असं?

माझे बाबा चाळीस वर्षं एकाच निळ्या ताटलीत जेवले.
बंदरातल्या प्रत्येक जहाजाचं वजन त्यांना पाठ होतं.
माझ्या लग्नात ते पूर्ण वेळ पार्किंगमध्ये उभे होते,
कोट घालून, बर्फात.
आम्ही त्याला काही नाव दिलं नव्हतं.
आम्ही त्याला बाबा म्हणायचो.

शाळेच्या बैठकीत सातजण, बालवर्गाच्या खुर्च्या,
सगळ्यांचे गुडघे हनुवटीला.
अहवालात ‘उणीव’ हा शब्द अकरा वेळा.
मी मोजला. मोजायला मी सोरेनकडून शिकलेय.
बोलण्याच्या सरावासाठी आठवड्याला तीस मिनिटं, ते म्हणाले.
मी म्हटलं साठ.
धुरावलेल्या माशाचा भाव पाडावा
तसे आम्ही पंचेचाळीसवर आलो.
आवाज रोखणारे हेडफोन: मान्य.
खिडकीजवळची जागा: बघू.
‘बघू’ नको, मी म्हटलं, लिहा.
माझा आवाज मलाच नवीन वाटला.

तेव्हा वर्गशिक्षिका, मिस लाप्रेरी,
ज्या इतका वेळ गप्प होत्या, त्यांनी विचारलं,
मग मी त्याला हाक कशी मारू?

कुणी बोलेना. मानसतज्ज्ञ कागद चाळू लागला.
आणि मी, बँकेत काउंटरवर बसणारी बाई,
सात मोठ्या माणसांसमोर
घशातून जहाज काढलं.
दुसऱ्या आखूडला आवाज फाटला.

दाराबाहेर बाकावर, मदतनीस मुलीशेजारी,
सोरेन क्रॅकर खात होता.
सगळे दाराकडे बघत राहिलो.
ओ आली नाही.

मिस लाप्रेरींनी तरी लिहून घेतलं,
पेन्सिलीनं, समासात:
एक लांब,
दोन आखूड.